गेमिंग मॉनिटर : पारख घरी आणल्यावरची

घरातील मुलांच्या आग्रहाखातर गेमिंग मॉनिटर घेतला जातो. दाम १४४ हर्ट्झचे मोजले जाते आणि वापर मात्र पुष्कळदा ६० हर्ट्झचाच होतो. ६० हर्ट्झवर पडद्यावरील चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. हा लाभ आपोआप पदरी पडत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा बहुधा स्वतःच निवडावा लागतो. केबल जुनी किंवा ग्राफिक्स कार्ड दुर्बळ असेल, तर तेवढ्यानेही भागत नाही.

दुसरा अनुभव ठिपक्यांचा. पडद्यावर एखादा मृत पिक्सेल आढळला, तरी वॉरंटीत तो दोष धरला जाईलच असे नाही. अनेक कंपन्या ठराविक संख्येपर्यंतचे ठिपके चालवून घेतात. म्हणून परतीची मुदत संपण्यापूर्वीच पूर्ण पडदा पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा करून निरखावा. व्हीए पडद्यावर अंधाऱ्या दृश्यांत हलत्या आकृतीमागे सावली रेंगाळते. ओलेडवर स्थिर चित्राचा ठसा कालांतराने उमटू शकतो.

खोक्यावरील आकडा हा केवळ बोलीचा भाव. माल उतरवून घेताना तो तपासण्याची पेढीवरील शिस्त घरच्या खरेदीलाही लागू करावी, एवढेच.