चिमुकली जॅग्वार जड का लागते?

1961 सालच्या जॅग्वार ई-टाइप गाडीचं 1:43 प्रमाणातलं मॉडेल जेमतेम दहा सेंटिमीटरचं. पण तळहातावर घेतलं की चांगलंच जड लागतं. कारण घडवण्याच्या पद्धतीत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात खऱ्या पद्मिनी गाडीची बॉडी पोलादी पत्रे दाबून, जोडून घडायची. मॉडेलची मात्र जड धातूत ओततात. सुमारे चारशे अंशांना वितळलेला जस्ताचा मिश्रधातू प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसतो, मोदकाच्या साच्यात उकड दाबावी तसा कानाकोपऱ्यात पोचतो आणि क्षणात थिजतो. म्हणून तर बॉनेटवरची बारीक रेघही उमटते!

पण जस्तात शिशाचा अंश राहिला, तर दमट हवेत धातू कणांच्या सांध्यांतून आतल्या आत गंजतो, फुगतो, तडकतो. त्यावर इलाज नाही. मुंबईच्या पावसाळ्यात जुनी मॉडेलं सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरडी ठेवलेली बरी.