जनुके दुप्पट, काम तेवढेच!

आमच्या केनवडच्या शिवारात पावसाळ्यात कोठेही मूठभर ओली माती उचलली, तर तिच्यात डोळ्यांना न दिसणारे शेकडो गोलकृमी असतात. पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे त्यांचे काही भाऊबंद शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. बाकीचे मात्र जिवाणू खाऊन निमूटपणे जगतात. अशाच एका निरुपद्रवी कृमीने जीवशास्त्रात फार मोठे नाव कमावले आहे. त्याचे नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. सडणाऱ्या फळांत व पाल्यापाचोळ्यात तो राहतो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, शरीर काचेसारखे पारदर्शक, आणि अंड्यातून बाहेर पडल्यापासून तीन-चार दिवसांत तो स्वतः अंडी घालू लागतो! केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात त्याला प्रयोगासाठी निवडले व त्या कामाबद्दल २००२ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत हे कृमी पाळतात. तेथे चेतापेशींमधील वाहतुकीचा अभ्यास चालतो.

आज आपण या कृमीला एकच प्रश्न विचारणार आहोत : एखाद्या जनुकाच्या प्रती वाढल्या, तर त्याचे कामही वाढते का?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. स्प्रिंगला दुप्पट वजन टांगले की ती दुप्पट ताणते, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले! तेव्हा माझे उत्तर साहजिकच 'होय' असे येईल. जनुक म्हणजे गुणसूत्रावरील डीएनएचा एक तुकडा. पेशी त्याची आरएनएच्या रूपात नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. मूळ प्रती दोन असल्या, तर नकलाही दुप्पट निघाव्यात. पुष्कळ जनुकांच्या बाबतीत असे घडतेही. माणसाच्या २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्या, तर त्यावरील बऱ्याच जनुकांचे काम सुमारे दीडपट होते. डाउन सिंड्रोम म्हणतात तो त्याचाच परिणाम. म्हणजे प्रतींची संख्या ही काही किरकोळ बाब नव्हे.

आता आपल्या कृमीकडे वळू या. यांच्यात मादी नसते. असतात ते उभयलिंगी कृमी आणि क्वचित, हजारात एखाददुसरा, नर. उभयलिंगी कृमीत 'एक्स' गुणसूत्रे दोन असतात, नरात एकच. एक्सवर दोन हजारांहून अधिक जनुके आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा नर-मादीपणाशी काही संबंध नाही. ती पोटापाण्याची, स्नायूंची, नित्याच्या व्यवहाराची जनुके. मग उभयलिंगी कृमीत ही सारी प्रथिने नराच्या दुप्पट बनतात की काय?

१९८६ साली अमेरिकेत बार्बरा मायर व त्यांच्या सहकाऱ्याने एक्सवरील जनुकांच्या आरएनए नकला मोजल्या. दोन्हींत त्या जवळजवळ सारख्या निघाल्या! जनुके दुप्पट, पण काम तेवढेच.

हे कसे साधते? समजा, एका शेतात विहिरीवर एक मोटार आहे आणि शेजारच्या तेवढ्याच शेतात दोन. पीक एकच, म्हणून पाणीही सारखेच हवे. तीन उपाय संभवतात. दोन मोटारींपैकी एक बंद ठेवावी. किंवा एकच मोटार असलेल्याने ती दुप्पट चालवावी. किंवा दोन्ही मोटारींचे व्हॉल्व्ह अर्धे फिरवावेत. गंमत अशी, की निसर्गाने तिन्ही उपाय वापरले आहेत. माणूस, मांजर यांच्या मादीत प्रत्येक पेशी एक एक्स बंद ठेवते (ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ साली मांडली). काळे-तांबूस ठिपके असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, ती यामुळेच : कोठे एक एक्स बंद, कोठे दुसरा. फळमाशीचा नर आपला एकुलता एक्स दुप्पट चालवतो. आणि आपला कृमी दोन्ही व्हॉल्व्ह अर्धे फिरवतो. त्यासाठी काही प्रथिनांचा एक संच दोन्ही एक्सना जाऊन चिकटतो आणि त्यांचे काम निम्म्यावर आणतो.

हा संच बिघडला तर? दोन एक्सवाले बहुतेक कृमी मरतात. वाचलेच तर आखूड व दुबळे राहतात. त्याच बिघाडाचे नर मात्र मजेत जगतात. त्यांच्याकडे एकच मोटार. त्यांना व्हॉल्व्हची गरजच काय?

येथवर झाला निसर्गाचा हिशेब. माणसाने आणखी प्रती घुसवल्या तर काय होते? कृमीच्या जननग्रंथीत अतिसूक्ष्म सुईने डीएनए टोचला, की पेशी ते तुकडे एकमेकांना जोडून लांब माळ करते. तिच्यात एकाच जनुकाच्या शंभराहून अधिक प्रतीही असू शकतात. पुढच्या पिढीत शरीराच्या पेशींत हे जनुक बहुधा व्यवस्थित चालते. परंतु अंडी व शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत ते मुके होते! १९९७ साली अँड्र्यू फायर यांच्या प्रयोगशाळेत एक उद्बोधक प्रयोग झाला. टोचताना त्या जनुकात इतर निरनिराळे डीएनए तुकडे मिसळले, तेव्हा जननपेशींतही ते बोलू लागले. अर्थात् पेशीला खटकत होती ती एकाच मजकुराची पुनरुक्ती.

का खटकावी? गुणसूत्रांत काही 'उड्या मारणारी' जनुके असतात. ती स्वतःच्या प्रती काढून किंवा जागा बदलून कोठेही घुसतात व दुसऱ्या जनुकांची मोडतोड करतात. शरीराच्या पेशीतील अशी मोडतोड त्या कृमीबरोबर संपते. जननपेशीतील मात्र पिढ्यान्पिढ्या चालते. म्हणून पहारा तेथेच कडक! १९९८ साली फायर व क्रेग मेलो यांनी दाखवले, की दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला, तर त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प केले जाते. या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९९ मध्ये असे कृमी सापडले, की ज्यांच्यात ही गप्प करण्याची यंत्रणा बिघडलेली होती. त्यांच्या जननपेशींत उड्या मारणारी जनुके मोकाट सुटली आणि शास्त्रज्ञांनी घुसवलेल्या जनुकांच्या माळाही पुन्हा बोलू लागल्या. चोर आणि पाहुणा यांना अडवणारा पहारेकरी बऱ्याच अंशी एकच होता तर!

प्रयोग करणाऱ्यांना यातून वाट काढावी लागली. २००८ साली ठरलेल्या जागी जनुकाची नेमकी एकच प्रत बसवण्याची पद्धत निघाली, आणि शंभर प्रतींना जे जमत नव्हते, ते जननपेशींत ही एकटी प्रत बहुतेक वेळा करून दाखवते.