कणकेचा पाव आणि मळण्याआधीची विश्रांती
गव्हातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्यात भिजून परस्परांशी जोडली जातात आणि त्यांतून ग्लूटेन हे चिवट, लवचिक जाळे तयार होते. यीस्टने निर्माण केलेला कार्बन डायऑक्साइड तेच धरून ठेवते व पाव फुगतो. कणकेत मात्र कोंडाही असतो. तो पाणी सावकाश शोषतो आणि त्याचे कण जाळ्यात अडथळा आणतात, त्यामुळे मैद्याच्या मापाने पाणी घातल्यास पाव दडस होतो. चक्कीत स्टार्चचे कणही बरेच भंगत असल्याने घरच्या पिठाची तहान आणखी वाढते. ५०० ग्रॅम पिठाला ३७५ मिलिलिटर पाणी ही केवळ सुरुवात समजावी.

फ्रेंच पावतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी प्रचारात आणलेली ऑटोलिझ ही पद्धत, म्हणजे पीठ व पाणी नुसते कालवून, मीठ न घालता, सुमारे अर्धा तास झाकून ठेवणे, येथे विशेष उपयोगी पडते, कारण तेवढ्या वेळात कोंडा भिजतो आणि ग्लूटेनची जुळणी हात न लावताच सुरू होते. त्यानंतर यीस्ट व मीठ मिसळून, तळहाताच्या मनगटाकडील भागाने गोळा पुढे रेटत व दुमडत दहाएक मिनिटे मळावा. तो चिकटला तरी कोरडे पीठ भुरभुरू नये (पोळ्यांच्या सवयीने तो मोह होतोच), हात ओले करावेत.