लस आणि एनके पेशी: काही गैरसमज

कोविडच्या लाटा ओसरल्यावर अनेकांनी लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडींची चाचणी करून घेतली. आकडा उतरलेला दिसला की घरोघरी एकच निष्कर्ष निघायचा: लशीचा असर गेला. लस म्हणजे अँटिबॉडी आणि अँटिबॉडी म्हणजे संरक्षण, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. त्यामुळे लस टोचल्यावर शरीरात आणखी कोण कोण कामाला लागतं, याची चर्चाच होत नाही. नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी, ही त्यातलीच एक.

1975 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रॉल्फ किसलिंग, एवा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, तर अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी या पेशींची ओळख पटवली. रक्तातल्या लिम्फोसाइट्समध्ये त्यांचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असतं. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर 'मी आपलीच' असं सांगणारी प्रथिनं असतात. विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोग झालेल्या पेशीवरून ती बरेचदा गायब होतात, आणि एनके पेशी नेमकं हेच हेरते.

गैरसमज: एनके पेशी जन्मजात प्रतिकारशक्तीतल्या, त्यांचा लशीशी संबंध नाही.

यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या एलिनॉर रायली यांच्या गटाने 2010 मध्ये रेबीजच्या लशीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांचं रक्त लशीआधी आणि लशीनंतर घेतलं, आणि प्रयोगशाळेत त्यातल्या पेशींची गाठ निष्क्रिय केलेल्या रेबीज विषाणूशी घालून दिली. लशीआधीच्या नमुन्यात एनके पेशींचा प्रतिसाद क्षीण होता. लशीनंतरच्या नमुन्यात त्याच माणसाच्या एनके पेशी काही तासांत इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रथिन तयार करू लागल्या. गंमत अशी की रेबीज ओळखायला शिकल्या होत्या त्या टी पेशी, म्हणजे कमावलेल्या प्रतिकारशक्तीतल्या पेशी. विषाणू पुन्हा समोर आला की या टी पेशी इंटरल्यूकिन-2 सोडतात आणि त्या इशाऱ्यावर एनके पेशी जाग्या होतात. इंटरल्यूकिन-2 अडवलं, की एनके पेशींचा जोरही ओसरत होता.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण 'जन्मजात' आणि 'कमावलेली' प्रतिकारशक्ती यांच्यात पाठ्यपुस्तकं जी भिंत उभी करतात, ती शरीरात तितकी पक्की नाही हे त्यातून उघड दिसतं. मात्र याचा अर्थ रेबीजमध्ये अँटिबॉडी दुय्यम ठरतात असा कुणी काढू नये. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, लशीचे सगळे डोस आणि डॉक्टरांनी सांगितल्यास इम्युनोग्लोब्युलिन, यातलं काहीही टाळून चालत नाही.

गैरसमज: विषाणूला पेशीत शिरू न देणं, एवढंच अँटिबॉडीचं काम.

अँटिबॉडीचा आकार वाय या इंग्रजी अक्षरासारखा असतो. तिचे दोन हात विषाणूग्रस्त पेशीवरच्या खुणेला धरून बसतात आणि शेपूट मोकळी राहते. एनके पेशीवर सीडी16 नावाचं प्रथिन असतं, ते या शेपटीला पकडतं. अशा बऱ्याच शेपट्या एकाच वेळी हाती लागल्या, की एनके पेशी त्या पेशीला बिलगते आणि आतले कण तिच्याकडे रिकामे करते. परफोरिन पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, त्यातून ग्रँझाइम आत शिरतात आणि पेशी मरते. म्हणजे लशीमुळे तयार झालेली अँटिबॉडी एनके पेशीला सावज दाखवून देते. हे काम करणारी अँटिबॉडी विषाणूला थेट निष्प्रभ करणारी असलीच पाहिजे असंही नाही.

थायलंडमध्ये 16,402 स्वयंसेवकांवर झालेल्या आरव्ही144 या एचआयव्ही लस-चाचणीने या विषयाला चालना दिली. 2009 मध्ये जाहीर झालेली परिणामकारकता होती 31.2 टक्के, म्हणजे बेताचीच. पण विषाणूला थेट निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी या लशीने फारशा तयार केल्या नव्हत्या, मग तेवढं तरी संरक्षण आलं कुठून? पुढच्या विश्लेषणात, ज्यांच्या रक्तात विशिष्ट आयजीए अँटिबॉडी कमी होत्या अशा लोकांमध्ये, वर सांगितलेल्या मारक यंत्रणेचा जोर आणि संसर्गाचा कमी धोका यांचा संबंध आढळला. तो संबंध आहे, पुरावा नव्हे. त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेत वापरली तेव्हा उपयोग दिसला नाही आणि 2020 मध्ये तिथलं लसीकरण थांबवावं लागलं.

गैरसमज: एनके पेशींना स्मरणशक्ती नसते.

2006 मध्ये हार्वर्डच्या उलरिख फॉन आंद्रियान यांच्या गटाने टी आणि बी पेशीच नसलेल्या उंदरांमध्ये त्वचेला लावलेल्या रसायनाची 'आठवण' काही आठवड्यांनंतरही टिकलेली दाखवली, आणि ती एनके पेशींमध्ये होती. 2009 मध्ये जोसेफ सन आणि लुईस लॅनिअर यांनी सायटोमेगॅलो विषाणूबाबत असंच काहीसं दाखवलं. माणसांमध्ये क्षयरोगाची बीसीजी लस घेतल्यावर एनके पेशी इतर जंतूंनाही जास्त जोमाने प्रतिसाद देतात, असं नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या संशोधकांना दिसलं. यावरून कोविडकाळात आपल्याकडे 'लहानपणीची बीसीजी आपल्याला वाचवेल' अशी आशा पसरली. पण आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या ब्रेस या आंतरराष्ट्रीय चाचणीत नव्याने दिलेल्या बीसीजीनेही कोविडचा धोका कमी झाला नाही. परीक्षानळीत पेशी तल्लख दिसणं आणि माणूस आजारातून वाचणं, यात बरंच अंतर असतं.

गैरसमज: एनके पेशी जितक्या जास्त, तितकी लस उत्तम लागू पडते.

हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण त्यावर गोळ्या, चूर्णं आणि महागडी पॅकेजेस विकली जातात. स्टीफन वॅगनर आणि रेमंड वेल्श यांनी 2012 मध्ये उंदरांवर दाखवलं की एनके पेशी आपल्याच टी पेशींनाही मारतात. विषाणूची मात्रा मध्यम असताना यामुळे टी पेशी कमी पडल्या आणि संसर्ग रेंगाळला. मात्रा खूप जास्त असताना मात्र याच लगामामुळे टी पेशींचा अतिरेक टळला आणि उंदीर वाचले. अँटिबॉडी घडवण्यात मदत करणाऱ्या टी पेशींवरही एनके पेशी असाच ताबा ठेवतात, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. तेव्हा 'एनके वाढवा, लस जोरात चालेल' असं म्हणायला आधार नाही.

शिवाय रिपोर्टमधला एनके पेशींचा आकडा स्थिरही नसतो. जोरदार व्यायाम केला की एनके पेशी काही मिनिटांत मोठ्या संख्येने रक्तात उतरतात, आणि व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत त्यांची संख्या मूळ पातळीच्याही खाली जाऊ शकते.