माळ्याचा पगार

आमच्या घराजवळ एक लहानशी बाग आहे. एक बकुळ, दोन कडुनिंब, गंजलेला झोपाळा आणि मधोमध एक कारंजे. कारंज्याच्या उद्घाटनाला माझ्याच विद्यार्थ्यांनी स्वागतगीत म्हटले होते. म्हणून त्या दिवशी त्यातून पाणी उडाले होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्यानंतर ते फारसे उडाले नाही.

या बागेत मी कैक वर्षे पहाटे मुलांकडून खर्ज भरून घेत आलो. फ्लॅटमध्ये पहाटे साडेपाचला षड्ज लावला की वरच्या मजल्यावरून भांडे आपटते. बागेत कोणाची झोप मोडत नव्हती. माळी पाचलाच फाटक उघडी. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. हल्ली किल्ली ठेक्याच्या एका माणसाकडे असते. त्याच्या वाट्याला पाच बागा, आणि आमचा क्रमांक शेवटचा. फाटक आठला उघडते. आठला मुले शाळेत असतात. खर्ज बंद पडला.

आम्ही चौघेजण अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ सज्जन होते, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "मास्तर, नवी बाग मागा, मिळून जाईल. नवा झोपाळा मागा, तोही मिळेल. माळी तेवढा मागू नका." हे वाक्य ऐकून मला राग यायला हवा होता. आली ती माझ्या वडिलांची आठवण.

वडील बडोदे दरबारात तबल्याच्या साथीला होते. अगदी शेवटची काही वर्षे, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हाची. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. त्यामुळे संस्थान मी पाहिले ते केवळ त्यांच्या बोलण्यातून. बडोद्यात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते. त्याचे छापील नियम होते, हजेरी होती, गैरहजेरीचा दंड होता. नाना म्हणत, "बोलावणे महिन्यातून दोनदा येई, पगार मात्र पुऱ्या महिन्याचा. उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत हात बसता राहावा, म्हणून तो पगार." संध्याकाळी ते कमाटीबागेत जात. बँडस्टँडपाशी गवतावर बसत. तिथल्या एका माळ्याशी त्यांची मैत्री जमली होती. "तो आणि मी एकाच थैलीतले," असे ते सांगत. "फुले लागतात एक दिवस, पाणी घालावे लागते रोज. आमचेही तेच."

या थैलीचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग, झाली १८७९ साली. सयाजीराव महाराज तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. राज्याचे अधिकार त्यांच्या हाती आले १८८१च्या अखेरीस. म्हणजे बाग झाली तेव्हा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांचा होता. विश्वामित्रीच्या काठची ही सुमारे ११३ एकर जागा लोकांनी फिरावे म्हणून राखली गेली. पुढे महाराजांनी तिथे म्युझियम आणि चित्रसंग्रहालय उभारले. बागाईतीसाठी क्रुम्बीगल हे जर्मन वनस्पतितज्ज्ञ १८९३ साली बडोद्यात आले. पुढे बंगलोरच्या लालबागेला ज्यांनी रूप दिले ते हेच. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. आणि १९१६ हे साल तर मला फार मोलाचे वाटते. त्या एका वर्षात भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, आणि त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी बडोदे शहराच्या वाढीविषयीचा आपला अहवाल दरबारला दिला. गेडिस हे नगररचनाकार खरे, पण मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. पडके घर काढावे, मोकळी झालेली जागा अंगणासारखी राखावी, तिथे झाड लावावे, अशी त्यांची रीत होती. गाणे आणि मोकळी जागा, दोहोंचा विचार एकाच दरबाराने एकाच वर्षी केला.

संस्थानी राज्याचा हा गौरव करावा म्हणून मी लिहीत नाही. थैली शेवटी रयतेच्याच साऱ्याची होती, आणि राजाची मर्जी फिरली तर गवयाला दाद मागायला जागा नव्हती. नानांनीही ते दिवस परत यावेत असे कधी म्हटले नाही. पण त्या हिशेबात एक गोष्ट होती ती हरवली आहे.

बडोदे १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई राज्याने महानगरपालिकांचा कायदा केला. गुजरातेत तो नाव बदलून आजही चालू आहे. त्यात दोन याद्या आहेत. एक पालिकेने केलेच पाहिजे अशा कामांची, दुसरी मनात आले तर करावे अशा कामांची. सार्वजनिक बागा दुसऱ्या यादीत आहेत. आणि सार्वजनिक ठिकाणी लोकांना संगीत ऐकवणे हेही त्याच यादीत! नानांना हे वाचून दाखवले असते तर ते हसले असते. थैली गेली, तरी माळी आणि तबलजी पुन्हा एकाच पानावर आले; फक्त पान ऐच्छिक कामांचे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची जी अनुसूची जोडली, तिच्यात बारावे कलम बागा, उद्याने व क्रीडांगणे यांचे आहे. सन्मान मिळाला. पैसे मात्र त्या कलमाबरोबर आले नाहीत.

जमीन मिळत नाही असेही नाही. गुजरातचा १९७६चा नगररचना कायदा या बाबतीत चांगला आहे. नव्या भागाची योजना आखताना सर्व जमीनमालकांकडून थोडी थोडी जमीन काढून घेतात. शंभर वार जमिनीतले पंधरा रस्त्यांना, पाच बागा, मैदाने व मोकळ्या जागांना, पाच शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना, असे प्रमाण कायद्यात दिले आहे. आणखी पंधरा विकून त्या पैशात रस्ते-गटारे करायची. म्हणजे बागेची जमीन विकत न घेता पदरात पडते. पण नकाशावरच्या हिरव्या चौकोनाला पाणी कोण घालणार, हे त्या प्रमाणात कुठेच नाही. वर्ष-दोन वर्षे तो चौकोन उघडा पडला की तिथे आधी राडारोडा येतो, मग हातगाड्या येतात, आणि मग कोणीतरी म्हणते, ही जागा पडूनच आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली ५०० शहरांसाठी अमृत योजना काढली. तीत एकूण रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंत पैसा बागांसाठी ठेवता येई. देखभालीची तजवीज मात्र राज्याने व पालिकेने, रहिवाशांना बरोबर घेऊन करायची. म्हणजे झोपाळा अनुदानाचा आणि झोपाळ्याचे तेल आपले. अनुदान देणाऱ्याला उद्घाटनाची पाटी दिसते. रोज पहाटे फाटक उघडणाऱ्या माणसाची पाटी लावता येत नाही. मैफलीला देणगी देणारे मलाही भेटतात. तानपुऱ्याच्या तारांना पैसे द्या म्हटले की ते घड्याळाकडे पाहतात.

मोकळी जागा रिकामी असते, ही समजूतही काढून टाकायला हवी. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. कमाटीबागेत पाणी शिरले, आणि घरांतही शिरले. नदीकाठची जी माती पाणी पोटात घेते ती मोकळी राहिली, तर तेवढे पाणी तरी आपल्या ओटीवर येत नाही. गटारावर खर्च करताना कोणी विचारत नाही की यातून उत्पन्न काय. बागेला मात्र तोच प्रश्न पहिला.

उत्पन्नाचे दोन मार्ग नेहमी सुचवले जातात. एक तिकीट. प्राणिसंग्रहालयाला तिकीट असावे, त्याला माझी हरकत नाही. पण गल्लीतल्या बागेला तिकीट लावले की पहिली बाहेर राहते ती धुणीभांडी करून अर्धा घटका टेकायला येणारी बाई. दुसरा मार्ग दुकानदाराने बाग दत्तक घेण्याचा. याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. एका बागेत मी पाहिले, फलक बकुळीहून उंच होता. पण हिरवळ होती, हेही खरे.

मला विचाराल तर, बाग करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेत निदान दहा वर्षांचा माळ्याचा पगार धरलेला असावा, आणि तो धरता येत नसेल तर कारंजे गाळावे. घरपट्टीतला ठरावीक हिस्सा बागांच्या नावाने वेगळा ठेवावा. अंदाजपत्रकात जसा बांधकामाचा आकडा छापतात, तसा प्रत्येक बागेपुढे माणसांचा आकडा छापावा. वाचणाऱ्याला शून्य दिसले तर तो विचारील.

आमच्या बागेपुरते सांगायचे तर, यंदा गुरुपौर्णिमेला मी मुलांना सांगितले की दक्षिणा नको, पाइप आणा. त्यांनी साठ फुटी पाइप आणला. समोरच्या घरच्या काकू नळ देतात. निवृत्त माळी जवळच राहतो. आठला फाटक उघडले की तो येतो, पाइप हातात घेतो आणि आम्हाला शिकवतो की बुंध्यावर पाणी सोडू नका, आळ्याच्या कडेने सोडा. पैसे घेत नाही, चहा घेतो. पाइप बकुळीपर्यंत पोचतो. पलीकडचे दोन कडुनिंब जुने आहेत, त्यांचे भागते. पण त्यांच्याखाली त्याने सोनचाफ्याचे एक रोप लावले आहे, तिथवर बादलीनेच जावे लागते. फाटक पहाटे उघडावे म्हणून दुसरा अर्ज दिला आहे.