अपघात, तिठा आणि शून्य मृत्यूंचे ध्येय

'अपघात' हा शब्द आज इतक्या सहजतेने योजला जातो की त्याच्या पोटातील धातूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'हन्' म्हणजे मारणे; त्यापासून 'घात' हे नाम सिद्ध झाले. घात म्हटला की तो करणारा गृहीत असतो. अपघातास मात्र कर्ता लागत नाही; तो 'होतो'. 'अपघाताने भेट झाली' यासारख्या प्रयोगात तर त्याला 'योगायोगाने' एवढाच अर्थ उरला आहे. वृत्तपत्रांतील ठराविक वाक्यरचनाही याच वळणाची आहे. चालकाचा ताबा सुटतो, टायर फुटतो, गाडी झाडावर आदळते, माणसे दगावतात. सर्व क्रियापदे अकर्मक. जे घडले ते जणू आपोआप घडले. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. एवढ्या मृत्यूंना योगायोग म्हणणे कठीण आहे.

या मृत्यूंविषयी बोलण्याची दुसरी रीत पोलिसांच्या कागदपत्रांत आढळते. तेथे वाहन 'भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने' चालविलेले असते. येथे कर्ता आहे, पण तो एकच: चालक. त्याचा दोष ठरला की कारणाचा शोध संपतो.

तिसरी रीत लोकभाषेची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तीन वाटा मिळतात त्या जागेस 'तिठा' म्हणतात. तिठ्यावर ओवाळून टाकलेला नारळ ठेवण्याची चाल जुनी आहे. तिठा ही जपून ओलांडावयाची जागा, ही जाणीव त्या चालीमागे आहे. एखाद्या वळणावर वारंवार माणसे मेली की मालवणी माणूस म्हणतो, 'ती जागाच वायट आसा.' हा उद्गार श्रद्धेतून आलेला असला तरी त्यात एक निरीक्षण दडलेले आहे: चालक दर वेळी निराळा असतो, जागा तीच असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्याही अशीच जागेपासून सुरू होते. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजा घडविणारे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे मेली, तर ती जागा या सदरात येते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये शून्य मृत्यूंचे जे धोरण स्वीकारले, त्याचा गाभा हाच आहे. माणूस चुकणार, हे तेथे प्रथमच मान्य केलेले आहे. प्रश्न एवढाच की त्या चुकीची शिक्षा मरण का असावी? मानवी शरीर किती आघात सोसू शकते हे ठाऊक आहे. तेव्हा रस्त्याची आखणी व वेग त्या मर्यादेत बसविणे हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचा वेग ५० झाला, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगातील अल्प वाटणारा फरक पादचाऱ्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा असतो तो यामुळे. हे ध्येय स्वप्नाळू नाही, हे काही नगरांनी दाखवून दिले आहे. ऑस्लो शहरात २०१९ मध्ये एकही पादचारी वा सायकलस्वार मेला नाही. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत वाहतुकीत एकही मृत्यू झाला नाही.

युरोपीय नगरांचे उदाहरण आपणांस लागू पडत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. सुमारे ९५ किलोमीटर लांबीच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन व महिंद्र यांनी मिळून शून्य मृत्यूंचा उपक्रम हाती घेतला. अपघातांची स्थळे एकेक करून तपासली गेली. कडेला उभ्या असलेल्या मालमोटारींवर मागून होणाऱ्या धडका आणि रस्त्यालगतची उघडी, कठीण बांधकामे यांचा वाटा लक्षात आला. त्यानुसार अडथळ्यांना संरक्षक कठडे, वेग व बेकायदा थांब्यांवर कारवाई आणि जखमींना त्वरित उपचार, असे उपाय योजले गेले. त्या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. २०१९ मध्ये ९२. शून्य अद्याप दूर आहे. परंतु चालक तेच, वाहनेही तशीच, आणि तरीही मृत्यू घटले, ही गोष्ट महत्त्वाची होय.

सिंधुदुर्गाच्या संदर्भात हा विचार तातडीचा ठरतो. पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ६६ क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग खारेपाटणपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जिल्हा उभा चिरीत जातो. चौपदरीकरणाने गाड्यांचा वेग वाढला. तिठे मात्र राहिले. कसालला मालवणकडे वळावे लागते, झारापला सावंतवाडीकडे. ज्या वाटेने पूर्वी माणूस पायी पलीकडच्या वाडीत जाई, तिच्या आड आता चार पदरांची वाहतूक आली आहे. तेथे ओलांडणाऱ्यास 'जपून जा' असे सांगणे पुरेसे नाही. भुयारी वाट, सेवारस्ता, उजेड आणि तिठ्यापूर्वी वेग प्रत्यक्ष उतरविणारी रचना ही त्या उपदेशाची जागा घेऊ शकतात.

कायद्याच्या भाषेतही याची चाहूल लागली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले; रस्त्याच्या आखणीचे व देखभालीचे मानदंड न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम मोठी नाही. तथापि आजवर चालकापाशी थांबणारे वाक्य या कलमाने एका कर्त्याने वाढविले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ मध्ये 'ॲक्सिडेंट' हा शब्द आपल्या पानांतून वर्ज्य करण्याचे ठरविले होते. मराठीत 'अपघात' टाकून देण्याची आवश्यकता नाही. त्यातील 'घात' कोणत्या जागी, कोणत्या रचनेमुळे झाला हे प्रत्येक पंचनाम्यात व प्रत्येक बातमीत नोंदले गेले, तर तिठ्यावरचा पुढचा मृत्यू टाळण्यास लागणारी माहिती त्या नोंदीतूनच मिळेल.