द्राक्षशिवारातील धावमार्ग

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आणि निफाड हे तालुके द्राक्षशेतीसाठी सर्वदूर ओळखले जातात, आणि याच जिल्ह्याने 2010 च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे रौप्यपदक मिळवणाऱ्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्यासारखे लांब पल्ल्याचे धावपटूही दिले आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, कोरडी हवा आणि हिवाळ्यातील थंड पहाट ही तिन्ही कारणे द्राक्षाला जशी मानवतात तशीच धावणाऱ्यालाही मानवतात. मात्र बागाईत शिवारातून धावमार्ग आखणे म्हणजे नकाशावर सुंदर रेषा ओढणे नव्हे. येथील प्रत्येक वाट आधी शेतीच्या कामाची असते, आणि धावणाऱ्याला तिच्यावर जागा मिळते ती त्या कामाच्या वेळापत्रकातून उरलेली.

मार्गाच्या आखणीची सुरुवात गावनकाशापासून करणे हिताचे ठरते. महसुली नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. प्रत्यक्षात बांध सरकत गेल्याने अनेक पाणंद रस्ते, म्हणजे दोन शेतांमधून जाणाऱ्या सामाईक वाटा, जेमतेम ट्रॅक्टरपुरत्या उरलेल्या आढळतात. त्यातच बागेचा मांडव पेलणाऱ्या शेवटच्या अँगलला ताण देणारी तार तिरकी खाली येऊन जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली असते, आणि जिथे बाग अगदी वाटेला भिडलेली असते तिथे हा ताण वाटेच्या कडेलाच उतरतो. दिवसा ही तार सहज दिसते, परंतु पहाटेच्या अंधारात नडगीच्या उंचीवरची, दवाने काळपटलेली तार डोक्यावरच्या दिव्याच्या झोतातही चटकन लक्षात येत नाही. म्हणून जाणकार आखणी करणारा अशा वाटेवर धावपटूला कडेने नव्हे, तर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताळ पट्ट्यावरून नेतो.

जमिनीचा पोत हा पुढचा प्रश्न. काळी जमीन पावसाळ्यात बुटाला थरावर थर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल मुरगाळेल इतक्या भेगा पडतात, त्यामुळे बारमाही मार्गासाठी मुरूम टाकलेला रस्ता किंवा कालव्याचा सेवारस्ता निवडावा लागतो. कालव्यातील पाणी केवळ उताराने वाहत असल्याने त्याचा तळ अत्यंत अल्प ढाळावर खोदलेला असतो, आणि भरावावरील रस्ताही त्याच पातळीने जातो. साहजिकच एका लयीत दीर्घकाळ धावण्यासाठी पालखेड डाव्या कालव्यासारख्या पाटाच्या कडेइतकी सपाट जागा या चढउताराच्या मुलुखात दुसरी मिळणे कठीण. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना मात्र चाऱ्यांच्या तोंडाशी चिखल होतो आणि तेवढे टप्पे वगळावे लागतात.

या सर्वांहून निर्णायक बाब म्हणजे फवारणी. नाशिकमध्ये वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट बाहेर पडताच डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांचे भय सुरू होते, आणि ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला तर फवारण्यांमधील अंतर फारच कमी होते. ट्रॅक्टरमागे जोडलेला ब्लोअर पंख्याच्या झोताने औषधाचे बारीक तुषार दोन्ही बाजूंच्या पानांवर फेकतो. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळतो तेव्हा तो झोत क्षणभर थेट वाटेकडे रोखला जातो, आणि वाटेवरच्या गवतावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. फवारणीला वारा पडलेला आणि ऊन कोवळे हवे असते, म्हणून ती पहाटे किंवा सायंकाळी उरकली जाते. धावपटूही नेमक्या याच वेळा निवडतो, आणि वेगाने चालणाऱ्या श्वासामुळे तो स्वस्थ उभ्या असलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेतो. या एका योगायोगाकडे दुर्लक्ष करून आखलेला मार्ग कितीही रमणीय असला तरी सदोषच मानला पाहिजे.

वाटसरू आणि फवारणी यांचा संबंध तसा जुना आहे. फ्रान्समधील बोर्दोजवळच्या मेदोक प्रांतात वाटेवरच्या वेलींची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडण्याची रीत होती. नेमक्या त्याच वेली डाऊनीपासून बचावल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि 1885 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेले ‘बोर्डो’ ते हेच. बरोबर शंभर वर्षांनी, 1985 मध्ये, त्याच मेदोकमधील पोयाक गावातून द्राक्षमळ्यांमधून जाणारी मॅरेथॉन सुरू झाली. ती सप्टेंबरमध्ये, द्राक्षतोडणीच्या उंबरठ्यावर घेतली जाते.

मार्गावर शर्यत घ्यायची असेल तर मोजणीची शिस्त वाढते. मनगटावरील घड्याळाचा आकडा येथे ग्राह्य धरत नाहीत; सायकलच्या पुढच्या चाकाला जोडलेल्या जोन्स काउंटर या गणकयंत्राने, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ अंतरावर आधी व नंतर पडताळणी करून, वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून जाणारी सर्वांत जवळची रेषा मोजतात आणि मार्ग आखूड पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरतात. मुरमाच्या रस्त्यावर चाक उसळते, आणि सकाळच्या गारव्यातून ऊन चढेपर्यंत टायरमधील हवा प्रसरण पावून चाकाचा परीघ बदलतो, म्हणूनच दुसऱ्यांदा पडताळणी करावी लागते.

मग शिवारात धावण्याचा योग्य काळ कोणता? मण्यात पाणी उतरू लागते, म्हणजे मणी मऊ होऊन साखर भरू लागते, त्या टप्प्यावर फळात औषधांचे अंश उरू नयेत म्हणून काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळला जातो आणि फवारण्या घटतात. अनेक बागांत हे दिवस डिसेंबरअखेर ते जानेवारीत येतात. निफाडला याच सुमारास थंडी इतकी कडाडते की मणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटवतात. पुढे तोडणीला वेग येताच क्रेटने भरलेल्या पिकअप आणि मजुरांच्या गाड्यांनी अरुंद वाटा व्यापून जातात. जानेवारीचे हे मोजके आठवडेच सर्वांत अनुकूल होत, परंतु पिकल्या बागेची राखणही तेव्हाच कडक असते, त्यामुळे अनोळखी माणसाने अंधारात बांधावरून धावण्यापूर्वी बागमालकाला आदल्या दिवशी भेटून कल्पना द्यावी आणि उद्या फवारणी आहे का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. मार्ग आखणाऱ्यानेही दर किलोमीटरला मुख्य रस्त्याकडे निघणारी एक तरी पर्यायी वाट राखून ठेवावी, आणि ब्लोअरचा आवाज कानी पडताच धावपटूने तीच धरावी.